खालच्या कोपऱ्यातला चर

गोरेगावहून जीप निघाली तेव्हा मागे आम्ही पाच बायका आणि एक शेळी होतो. शेळीने माझ्या पदराचा काठ चावला. मालकीण म्हणाली, तिला इरकलच आवडतं. हिंगोलीला एसटी धरली. औंढ्याला भाविक उतरले तेव्हा कुठे बूड टेकायला मिळाले.

मी चालले होते धाकट्या बहिणीकडे, शांताकडे. तिच्या नवऱ्याने, महादेवरावांनी, फोन केला होता. रान वाचवायचे तर चर (पाणी काढून देणारी खोल नाली) खणायला हवा आणि शांता खणू देत नाही. तुमचेच ऐकेल, म्हणाले.

वसमतच्या पुढे रस्त्याकडेला शिजवलेली हळद वाळत घातली होती. आमच्याकडे या दिवसांत रान उघडे पडते. इथे पाटाच्या पाण्याने हिरवे होते. त्या हिरव्यात एक तुकडा पांढरा. तो शांताचा.

मीठ सांडावे तशी जमीन. चिमूट जिभेला लावली. खारट, मागून कडू. महादेवराव चालता चालता सांगत होते. पाटाच्या पाण्याची पाळी आपली, मग गरज असो नसो, पाणी सोडायचे. वर्षानुवर्षे उसाला असेच दिले. खालचे पाणी वर चढले, सोबत खार घेऊन आले. मग खार धुवायला म्हणून त्यांनी चहूकडे बांध घालून रान पाण्याने भरले. खार खाली गेला आणि उन्हाने पुन्हा वर आला. भांडे घासायचे आणि घाण पाणी बाहेर ओतून द्यायचेच नाही, असला तो प्रकार. आधी चर हवा होता.

चर ओढ्याकडेच जाणार, आणि ओढा खालच्या कोपऱ्यापलीकडे. तो कोपरा निमुळता, आणि तिथे शांताचा मुलगा बसवराज आहे.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात, शक्यतो आपल्याच रानात. बसवराज मोटार चालू करताना शॉक लागून गेला. तेव्हा सगळीकडे ऊस उभा होता, तेवढाच कोपरा मोकळा. रानाचा उतार त्या दिवशी कोण बघणार?

जेवायला भाकरी आणि वरण होते. विहिरीच्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही. शांता म्हणाली, दात असतील तर चाव.

जेवण झाल्यावर आम्ही दोघी कोपऱ्यात गेलो. मी सरळ सांगितले की पोराला वरच्या बांधाला हलवा आणि चर खणा.

"बसवलेल्याला उठवत न्हाईत, अक्का," ती म्हणाली. "रान गेलं तर जाऊ दे."

बांधावर कुदळ पडली होती. ती घेतली आणि बसवराजच्या समाधीच्या ओट्यापासून चार हात सोडून खणले. कोपरभर खड्डा झाला तोच पाणी भरले.

"बघ," मी म्हणाले. "पोरगं पाण्यात बसून राहिलंय, शांते."

तिने मला शिवी दिली. मग खाली बसून खड्ड्यात हात घातला. बराच वेळ काढला नाही. ओढ्यापलीकडे कुणी तरी बैलांना हाका देत होते.

"वरच्या बांधाला कोरडं असंल का?"

"असंल."

"उठवा मग," ती म्हणाली. "पन मी बघनार न्हाई."

घरी जाऊन तिने नवऱ्याला जंगमाला (विधी करणाऱ्या स्वामींना) बोलवायला सांगितले आणि भांडी घासायला बसली. महादेवराव माझ्या पाया पडायला वाकले. मी पाय मागे घेतले.

दुसऱ्या दिवशी परत निघाले. चर झाला, पुन्हा नीट धुणे झाले, तरी रान सुधारायला वर्षे लागतील, असे महादेवराव सांगत होते. शांता फाट्यापर्यंत आली नाही. ती वरच्या बांधावर जागा झाडत होती.

आमच्याकडे पाणी नाही म्हणून लोक रडतात. मीही रडते. पाट आला की त्याला हार घालतील, नारळ फोडतील. आलेले पाणी जाणार कुठून, हे कुणी विचारत नाही. शांताच्या घरात कुणी विचारले असते, तर तिला एकच लेकरू दोनदा पुरावे लागले नसते.