शुक्रवारीही कामावर

अबुधाबीत नोव्हेंबर लागला, हवा जरा सोसण्यासारखी झाली की साहेबांच्या कंपाउंडमध्ये इंग्लंडमधलं एक खेडं उभं राहायचं. साहेब म्हणजे बाबांच्या मजूर पुरवणाऱ्या छोट्या कंपनीला कामं देणाऱ्या बड्या कंपनीचे इंग्रज मॅनेजर. त्यांच्या गावी दर उन्हाळ्यात हिरवळीवर मेळा भरायचा आणि त्यातून चर्चचं छप्पर, शाळेचं कुंपण असं काहीतरी दुरुस्त व्हायचं. नव्वदच्या दशकात तोच मेळा त्यांनी वाळूत आणला होता. केकचं वजन ओळखा, चेंडू मारून नारळ पाडा. आई दरवर्षी म्हणायची, "देवापुढे वाढवायचा नारळ, आणि हे त्याला चेंडूनं बडवतात!" आणि दरवर्षी नारळ आमच्याच घरून जायचे.

खरी गर्दी बुजगावण्यांपुढे. प्रत्येक कुटुंबानं एक करायचं, समोर लोकांनी नाणी टाकायला डबा ठेवायचा. ज्याचा डबा जास्त भरेल ते जिंकलं.

मी सोळा वर्षांची होते त्या वर्षी साहेबांच्या बायकोच्या बुजगावण्यानं कामगारांचा अंगभर निळा कव्हरऑल घातला होता. डोक्याला गमछा, हातात फावडं, गळ्यात पाटी: 'शुक्रवारीही कामावर!' शुक्रवार म्हणजे इथली आठवड्याची सुट्टी. पाठीवर आमच्या बाबांच्या कंपनीचं नाव. लोक हसत होते आणि डबा खणखणत होता.

माझ्या डोक्यात सणक गेली. बाबा तरुणपणी इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांची पत्रकं लिहायचे. त्यातली काही ट्रंकेतून आमच्याबरोबर इथे आली. मी मराठी वाचायला शिकले ती त्यांवरच. आठवड्याच्या सुट्टीची मागणी मला बालगीतांच्या आधी पाठ होती.

"बाबा, हा कव्हरऑल त्यांना कोणी दिला?"

"मीच. मॅडमनी मागितला. जुनाच होता."

"पाटी वाचलीत?"

"गंमत आहे गं. ब्रिटिश ह्यूमर."

"मग पुढच्या वर्षी मी सुटातलं करते. पाटी लावते, 'कुठल्याच वारी कामावर नाही'."

आई खुदकन हसली. बाबांनी पाहिलं तशी गप्प झाली.

"हळू बोल. काँट्रॅक्ट याच महिन्यात रिन्यू व्हायचंय."

मला एकच हवं होतं. बाबांनी साहेबांना जाऊन सांगावं, हे काढा. बाबा केकचं वजन ओळखायला गेले.

मग मीच पुढे झाले आणि कव्हरऑलची चेन ओढली. आतून उशा आणि वर्तमानपत्रांचे बोळे बाहेर आले. मॅडम धावत आल्या. "ओ डिअर! डार्लिंग, व्हाय?" मी म्हटलं, ही आमची माणसं आहेत. त्या खरोखरच गोंधळल्या. सगळ्यांना हे बुजगावणं किती आवडलंय, म्हणाल्या.

तेवढ्यात बाबा आले. आता थोबाडीत बसणार, असं वाटलं. ते वाकले आणि त्यांनी बुजगावण्याचे पाय धरले.

"ओढ. बूट राहू देत, ते साहेबांचे आहेत."

कव्हरऑलची घडी काखेत घालून ते साहेबांना एवढंच म्हणाले, "सॉरी सर, धिस वन आय नीड बॅक." साहेबांनी खांदे उडवले.

पार्किंगपर्यंत मी हवेत चालत होते. तिथून मागे वळून पाहिलं, तर बाबांचीच माणसं तंबू उतरवत होती. निळे कव्हरऑल, डोक्याला गमछे. सकाळी तंबू ठोकलेही त्यांनीच होते. वार शुक्रवार.

"बाबा, आणि यांची सुट्टी?"

"यल्ला, चल, गाडीत बस."

मी बसले नाही. परत जाऊन एका टेबलाचं टोक धरलं. दुसऱ्या टोकाचा माणूस बिचकला. "रहने दो बेटी, साब देख रहे हैं."

साब, म्हणजे आमचे बाबा, बघतच होते. गाडी माझ्याजवळ आणून त्यांनी काच खाली केली.

"उद्या देतो सुट्टी. सगळ्यांना. पगारी. झालं समाधान? बस आता."

"आणि पुढच्या शुक्रवारी?"

आईनं मागच्या सीटवरून मला डोळ्यांनी खुणावलं, पुरे. बाबांनी काच वर घेतली. मी टेबल सोडलं नाही.