भूगोलाच्या सरांची हजेरी

आमच्या भूगोलाच्या सरांना देवाने तोंड दिलं आणि ते मिटायचं कसं, हे सांगायला मात्र तो साफ विसरला. लोणावळ्याच्या आमच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून, मधे एक पातळ भिंत. त्यामुळे माझ्या मुलांना मागणी-पुरवठ्यापेक्षा मोसमी वारे जास्त पाठ आहेत, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. बरं, माणूस म्हणाल तर एवढासा. जोराचा वारा सुटला तर आपल्यालाच धाकधूक वाटावी, असा. आवाज मात्र असा, की स्टेशनवरच्या कर्ण्याने मान खाली घालावी. एकदा चिक्कीच्या दुकानात कुणा पर्यटकाने त्यांना कुरवंड्याचा रस्ता विचारला. सरांनी लाव्हारसापासून सुरुवात केली. डोंगर तयार होऊन, थंड होऊन, त्याची झीज सुरू होईपर्यंत गाडीत बसलेल्या त्याच्या बायकोने अर्धा किलो चिक्की संपवली. रस्ता सांगायचा तेवढा राहूनच गेला.

अशा माणसाच्या हाती पॉडकास्ट लागला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! झालं असं, की प्रत्येकाने शिकवताना काहीतरी नवं माध्यम वापरावं, असं फर्मान प्राचार्यांनी काढलं. आम्ही बाकीच्यांनी जुन्या नोट्सचे फोटो ग्रुपवर टाकले आणि हात झटकून मोकळे झालो. सर मात्र माइक घेऊन आले. म्हणाले, "मॅडम, आंदर मावळातल्या पोरांची एसटी चुकली की तास बुडतो. मग तासच त्यांच्या घरी पाठवला तर?" नकाशांच्या खोलीत रेकॉर्डिंग सुरू झालं. गुंडाळून ठेवलेल्या नकाशांमुळे तिथे आवाज घुमत नाही, असा त्यांचा शोध होता. आवाज घुमत नसेल, पण घाट चढून आलेली मालगाडी शिट्टी मारायचीच. मग सर हात वर करून थांबायचे आणि गाडी गेली की "हं, तर लाव्हारस..." म्हणून पुढे सुरू. खरी अडचण वेगळीच होती. समोर चेहरा दिसल्याशिवाय सरांना शब्दच फुटेना. माइक मान हलवत नाही ना! ते मान हलवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. जेवणाच्या सुट्टीत, पोटात कावळे ओरडत असताना, मी समोरच्या स्टुलावर बसून कळल्यासारखी मान डोलवायचे. एके दिवशी जांभई आली. सर तिथल्या तिथे थांबले आणि म्हणाले, "मॅडम, जांभई नको. पुन्हा सांगतो." हे सगळं जसंच्या तसं पॉडकास्टमध्ये गेलं आणि अख्ख्या तालुक्याने ऐकलं.

पण कळस केला तो हजेरीने. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला सर हजेरी घ्यायचे! एकेक नाव घ्यायचं, थांबायचं, मग पुढचं नाव. मी म्हटलं, "अहो सर, ओ कोण देणार?" तर म्हणाले, "देतील की. मुलं प्रामाणिक असतात." आणि गंमत बघा, मुलं खरंच ओ द्यायला लागली. बेगडेवाडीच्या फलाटावर कानात वायर घालून उभा असलेला एखादा पोरगा एकदम "हजर सर!" म्हणून ओरडायचा आणि शेजारच्या मावशी दचकून पिशवी सावरायच्या. सर इकडे हजेरीपटावर सगळ्यांना निर्धास्त हजर मांडायचे. त्यात पुन्हा कानाने नकाशा शिकवायचा, म्हणून त्यांनी एक तोड काढली होती. "डाव्या हाताची मूठ वळा. वर आलेली हाडं म्हणजे डोंगर. मधल्या खाचा म्हणजे खिंडी. आता प्रत्येक डोंगराभोवती, एकावर एक, गोल रेषा काढा. या झाल्या समोच्चरेषा." तो भाग आला त्या दिवशी एसटीतली दहा-बारा पोरं मुठी वळून त्यांच्याकडे टक लावून बसली होती. कंडक्टर म्हणाला म्हणे, "काय रे, कुनाला मारायला निघालाय?"

हसण्यावारी चाललं होतं, तोवर अश्विनीचं प्रकरण उपटलं. अश्विनी सरांची तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. दुसरं वर्ष संपता संपता तिचं लग्न झालं आणि ती आंदर मावळात पार आत गेली. नवरा तळेगावच्या कारखान्यात पाळीवर. घरी सासू, दोन म्हशी आणि भातशेती. एसटी येईल तेव्हा खरी. तिचं कॉलेजात येणं थांबलं, पण हजेरीपटावर ती रोज हजर! पहिल्या सत्राच्या परीक्षेच्या तोंडावर हजेरीपट प्राचार्यांनी बघितला. "लोणावळ्यात पाऊल न टाकता ही मुलगी हजर कशी?" सर म्हणाले, "पॉडकास्टमध्ये घेतो ना मी हजेरी." प्राचार्यांचा पारा चढला. हे असलं काही चालायचं नाही, मुलीला परीक्षेला बसता येणार नाही, नियम म्हणजे नियम. आता, शिक्षणाचं काय ते या वर्षात उरकून टाक, असं सासरी ठरलेलं. पेपर हुकले की पोरीची पदवी कायमची गेली, हे सगळ्यांना दिसत होतं. सरांनी दोन दिवस डबा उघडला नाही. शेजारच्या वर्गातून मोसमी वारे यायचे बंद झाले, तेव्हा मात्र मी घाबरले. सर प्राचार्यांच्या दारात पुन्हा पुन्हा उभे राहिले. शेवटी प्राचार्य वैतागून म्हणाले, "ती खरंच ऐकते, अशी दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाने खात्री करून लेखी द्यावी. मग बघू." आणि सरांनी माझ्याकडे बघितलं. बघणारच! दुसरं कोण होतं?

माझ्याच गाडीतून निघालो. भातं पिवळी झाली होती, जागोजागी कापणी चालली होती. गावात शिरल्यावर सरांनी काच खाली करून दोघी बायकांना विचारलं, "अश्विनीचं घर कुठलं हो?" त्यातली एक बघतच राहिली. "अगं बया! भूगोलाचे सर व्हय तुमी?" सर चकित. बाईने वाकून गाडीत डोकावलं. "आन या जांभईवाल्या मॅडम!" मी कपाळाला हात लावला.

अश्विनी शेतातून तशीच आली, हातात विळा. तिच्या सासूने सरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मला वाटलं, चांगलं धिप्पाड आसाल. आवाजाच्या मानानं लईच बारीक की वो!" मी चेहरा करडा केला, कारण मी तपासायला आले होते. "मावशी, ही रोज ऐकते का?"

"रोज. म्हशीची धार काढताना. फोन खुंटीला टांगती."

"आणि हजेरी देते?"

"देती की. पान्याला गेली आसंल, तर मीच म्हनते, हजर."

"प्रॉक्सी!" सर ताडकन उठले. अहो, ज्या पोरीसाठी दोन दिवस उपाशी राहिलात, तिच्याच अंगणात? पण स्वभावाला औषध नाही. अश्विनीचा चेहरा पांढराफटक पडला. सासूबाई मात्र हलल्या नाहीत. "मग काय गप ऱ्हायचं? सर नाव घिऊन थांबत्यात ना बिचारे. आन धडा मी ऐकून ठिवते. ती आली की सांगते."

आता लेखी काय देणार? मी अश्विनीलाच विचारलं, "नकाशात समोच्चरेषा दाटीने आल्या, तर काय समजायचं?" पोरीच्या तोंडून शब्द निघेना. सरांचे ओठ हलायला लागले. मी डोळे वटारले, तशी त्यांनी म्हशींकडे तोंड फिरवलं. मला खरंच भीती वाटली, ही बोललीच नाही तर मी खोटं कसं लिहू? तेवढ्यात तिने विळा खाली ठेवला आणि डाव्या हाताची मूठ वळली. "चढ उभा आसतो मॅडम. हा मागचा कडा हाय ना आमचा, तितं रेषा आशा चिकटून येतील. खाली खाचरांकडं लांब लांब जातील." एकदा तोंड उघडलं, मग काय विचारता! कडा कसा तयार झाला, दगड काळा का, पाऊस आधी कुठल्या अंगाला पडतो. मधेच ती थांबली. मी म्हटलं, "काय झालं?" तर हसून म्हणाली, "काय न्हाई. हितं मालगाडी जाते." शेजारी सासूबाईही आपली मूठ वळून, तपासून बघत होत्या. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मी लिहून दिलं, की या मुलीने प्रत्येक तास ऐकला आहे, मालगाडीसकट. प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं, मिशीत हसले आणि सही केली. अश्विनी परीक्षेला बसली आणि पुढे उन्हाळ्यात चांगल्या गुणांनी पदवीधर झाली.

त्याच उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी नकाशांच्या खोलीची किल्ली हातात घेऊन मला म्हणाले, "मॅडम, उद्यापासून बोलायचं कुणाशी?" हा माणूस पाच मिनिटं गप्प बसावा, म्हणून मी वर्षानुवर्षं देवाला साकडं घातलेलं. त्या क्षणी मात्र गलबलून आलं.

आठवड्याभरात सरांना फोन आला, अश्विनीच्या सासूचा. "सुनंचं झालं, पर माझं कुटं झालंय? बंद का केलं?" सरांनी विचारलं, "मावशी, तुम्हाला काय ऐकायचंय?" त्या म्हणाल्या, "तुमी सारखं म्हनता, वारं समुद्रावनं येतं, पाऊस समुद्रावनं येतो. म्या काय समुद्र पायला न्हाई."

दुसऱ्या दिवशी माइक पिशवीत घालून सर एसटीने कोकणात उतरले. तिथे जे रेकॉर्ड केलं, ते त्यांनी मलाही पाठवलं. मी स्वयंपाकघरात कणीक मळता मळता लावलं. कितीतरी वेळ नुसत्या लाटा. वाटलं, बोलायला विसरले की काय! हात तसाच पिठात ठेवून मी ऐकत राहिले. मग अगदी हळू, मी कधीच न ऐकलेल्या आवाजात सर म्हणाले, "मावशी, हा समुद्र." आणि पुढे शेवटपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत.