शेवळाची मेजवानी

"त्याला अजून वेळ आहे," असं म्हणत मॅडम चपलेच्या टोकानं माती उकरायच्या. पीएच.डी. कधी संपणार, कॉलेजात कायम कधी होणार, लग्नाचं काय, प्रश्न कुठलाही असो, उत्तर हेच. शिपायानं चहा आणू का विचारलं तेव्हाही हेच म्हणाल्या, असं सांगतात.

मुरबाडच्या कॉलेजात त्या तासिकेवर वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. उरलेला सगळा वेळ धसईकडच्या ठाकूरवाडीत, शेवळाच्या मागे. ज्यांनी शेवळ खाल्लेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: मृगाच्या आधी जंगलात जमिनीतून वर येतो तो हा कोंब. भाजी अप्रतिम. पण काकडाची आंबट फळं घालून शिजवली नाही, तर घसा असा खाजतो की माणसाला कुलदैवत आठवतं. किती कोंब खुडले तर पुढच्या वर्षी पुन्हा येतील, हे मॅडमना शोधायचं होतं. वाडीतल्या बायका दरसाल बाजारात तेच विकायच्या, आणि दरसाल टोपली हलकी होत होती.

मी तेव्हा एमआयडीसीतल्या एका प्लॅस्टिकच्या कंपनीत जनसंपर्क बघायचो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कंपनीला एकाएकी तरुण संशोधकांचा कळवळा आला. मॅडमना शिष्यवृत्ती मिळाली. खरा चेक तळहाताएवढा, फोटोसाठीचा पुठ्ठ्याचा चेक दाराएवढा. तो त्यांनी एसटीनं नेला. कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं. पुढे त्याच पुठ्ठ्याखाली त्या पानं दाबून वाळवायच्या. "कंपनीची मदत फार उपयोगी पडते हो," असं मनापासून म्हणायच्या. त्यावर हसावं की नाही, मला कळायचं नाही.

शिष्यवृत्तीचं दुसरं वर्ष आमच्या कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या मर्जीवर होतं. ते मिळालं तरच दुसरा हंगाम बघता येणार होता, आणि एका हंगामावर पीएच.डी. होत नसते. साहेबांना मात्र वार्षिक अहवालासाठी रिझल्ट हवा होता. मॅडम म्हणाल्या, त्याला अजून वेळ आहे. मग मीच तोड काढली. रिझल्ट नाही, तर निदान भाजी खायला घालू.

वाडीतल्या ठकीबाईनं टोपलीभर शेवळं आणली, सोबत काकडं. काकडं विसरू नका, असं मॅडमनी मला पुन्हा पुन्हा बजावलं. पण साहेबांना आंबट सोसत नव्हतं, आणि कल्याणहून आणलेला आचारी म्हणाला, त्यापेक्षा काजूची पेस्ट घालू, एकदम फाइव्ह स्टार. काकडं बाजूला ठेवायला मीच सांगितलं.

साहेब जेवता जेवता भाषणाला उठले, "आपले तरुण संशोधक" इथवर आले आणि खाकरायला लागले. मागोमाग सगळे डायरेक्टर. इतकं एकमत मी त्यांच्यात एरवी पाहिलं नव्हतं.

ठकीबाई दाराशी उभी होती. "काकडं नाय टाकली काय गो बाय?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनीही. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"मॅडमनी सांगितलं तसंच केलंय," मी म्हणालो.

त्या काहीतरी बोलायला लागल्या होत्या, पण खोकल्यात कुणाला ऐकू आलं नाही. नंतर कुणी विचारलंही नाही. दुसऱ्या वर्षाचे पैसे आमच्या गेटसमोरच्या लॉनवर संशोधन करणाऱ्या एका तरुणाला मिळाले. त्याचा रिझल्ट साहेबांना खिडकीतून दिसायचा.

पुढे मॅडमच्या तासिकाही गेल्या. मुरबाडच्या स्टँडवर एकदा अचानक दिसल्या, पायाशी ट्रंक, गावी निघालेल्या. खरं काय ते सांगून टाकायचं, असं मी किती दिवस घोकत होतो. मी जवळ गेलो, तर त्यांनी ट्रंक सरकवून मला बसायला जागा केली.

"साहेबांचा घसा बरा झाला का हो?"

टोमणा असेल म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नव्हता.

"झाला," मी म्हणालो.

गाडी लागली. ट्रंक मी वर चढवून दिली. त्या सगळ्या प्रकरणात मी खरं बोललो ते एवढंच.