कोंडवाड्यातलं आवतण

वणीच्या रस्त्यावरचं आमचं गाव नगरपंचायत झालं, तेव्हापासून त्याला गाव म्हटलेलं लोकांना खपत नाही, शहर म्हणायचं. साहजिकच कोंडवाडाही शहराचा झाला. माझं घर त्याच्या भिंतीला लागून. झाडीपट्टीच्या नाटकांतून उभी हयात राजे रंगवले, आणि म्हातारपणी असा शेजार मिळाला की पहाटे चौघड्याऐवजी रेडा जागं करतो. तक्रार नाही. त्या शेजारातच मला घनश्याम उरकुडे लाभला.

घनश्याम कोंडवाड्याचा रखवालदार. आधी तो करवसुलीला होता. लोकांच्या दारात जायचा, चहा प्यायचा, त्यांची रडगाणी ऐकायचा आणि कर न मागताच परत यायचा. कोंडवाड्यात टाकला तर निदान तिथे रडगाणं सांगायला माणूस नसेल, असा नगरपंचायतीच्या साहेबांचा विचार. पण घनश्यामने पहिल्याच दिवसापासून जनावरांना पाहुणे म्हणायला सुरुवात केली.

पाहुण्यांची व्यवस्था बघून त्याचा जीव कळवळला. गुडघाभर चिखल, फुटकं टाकं, सावलीला एक वाळका निंब. त्याने टाक्याच्या भेगा बुजवून घेतल्या, मुरूम टाकला, मारकी जनावरं एकीकडे आणि भिडस्त एकीकडे केली. सावलीसाठी टिनं मागितली, तर वरून उत्तरच आलं नाही. मग मी माळ्यावर गुंडाळून ठेवलेला राजदरबाराचा पडदा काढून दिला. त्याने तो उन्हाच्या बाजूला बांबूला बांधला. मागे झुंबरं, सोनेरी खांब, मखमली सिंहासन. आणि बरोबर सिंहासनापुढे एक बेवारशी गाढव रवंथ केल्यासारखं तोंड हलवत उभं. इतक्या निवांतपणे ती जागा मला एकाही प्रयोगात पेलता आली नव्हती.

सगळं झालं, पण आलेला पाहुणा परत जाईना. ट्रॅक्टर आल्यापासून म्हातारा बैल लोक हळूच सोडून देतात, आणि तो कोंडवाड्यात गेला की ओळख विसरतात. घनश्याम दारोदार फिरला. तुटक्या शिंगाचा पांढरा बैल मारोती ढवसांचा, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. मारोती रस्त्याने नुसता खोकत गेला तरी तो बैल फाटकाशी येऊन उभा राहायचा. पण विचारलं की मारोतीचं उत्तर ठरलेलं, माझा नाही.

अशात साहेबांचा हुकूम आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक येईल, उरलेली सगळी जनावरं दूरच्या जिल्ह्यातल्या गोशाळेत जातील, कोंडवाडा बंद होईल. घनश्याम माझ्या ओट्यावर येऊन बसला. आपल्याला परत वसुलीला घालतील, याचं त्याला काही नव्हतं.

"काका, तिकडं याइले कोन ओयखते?" एवढंच म्हणाला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे कोमट तूप-हळदीने पळसाच्या पानांनी शेकायचे आणि उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. घनश्यामने ठरवलं, जाण्याआधी निदान यांचे खांदे तरी शेकून देऊ. तो वाटी घेऊन आत गेला. पहिल्या बैलाचे खांदे शेकले, आणि बापाच्या हाताखाली लहानपणापासून लागलेली सवय, तोंडातून आपोआप निघून गेलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण सरकारी जनावराला घरचं आवतण दिलं. पण एकाला देऊन दुसऱ्याला कसं टाळायचं? बैल संपले. पुढे गायी होत्या, त्याही आशेने बघत होत्या. त्यांना दिलं. मग दोन बकऱ्या. शेवटी गाढवाचेही खांदे शेकून झाले.

त्याची बायको विमलताई भिंतीपलीकडच्या त्यांच्या खोलीतून सगळं ऐकत होती.

"आवतन तुमी देल्लं, आता पुरनही तुमीच वाटा."

"अवो, चुकून गेलं तोंडातून."

"बैलाइचं समजलं. गध्याले कायले देल्लं?"

"थो रांगेत होता."

थोड्या वेळाने मोठं पातेलं घासल्याचा आवाज आला. दिलेलं आवतण मागे घेत नाहीत, हे तिला घनश्यामपेक्षा जास्त कळत होतं.

मी ही बातमी पानठेल्यावर सांगितली. वय झालं तरी माझा आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जातो. यंदा पोळ्याला शहरातले बैल सरकारच्या दारी जेवणार, हे संध्याकाळपर्यंत घरोघरी कळलं.

पोळ्याच्या सकाळी मारोती ढवस धुतलेलं धोतर नेसून फाटकात उभा.

"माह्या बैलाले सरकारनं काहून जेऊ घालाव? मी मेलो का?"

"तुमचा बैल?" घनश्याम म्हणाला. "तुमी त नाही म्हनत होते."

"म्हनत होतो. सोड त्याले."

जनावर घरी जावं म्हणून महिनोन्महिने उंबरे झिजवलेला हा माणूस फाटकाला आडवा झाला. आवतण घेतलेला पाहुणा उपाशी कसा सोडायचा? पुरण अजून चुलीवर होतं. मारोतीने दंड भरायची तयारी दाखवली, आवाज चढवला, मग एकदम खाली आणला.

"घनश्याम, आवतन मीबी देल्लं गा काल."

"कोनाले?"

"खुट्याले." तो तुटक्या शिंगाकडे बघत राहिला. "सवयीनं तूप घेऊन गोठ्यात गेलतो. रिकामाच खुटा. त्यालेच म्हनून आलो."

घनश्यामचा हात फाटकाच्या कडीवरून आपोआप सुटला. मग दोघेही माझ्याकडे बघायला लागले. मी राजाची कामं केली, म्हणून न्यायही मीच करावा असा त्यांचा समज. मी म्हटलं, अरे, पोळ्याच्या दिवशी बैलाला दोन घरची पंगत जड जाते होय? विमलताई गरम पोळी घेऊन आली, ओवाळलं, बैलाने एका घासात मान ठेवला, आणि मारोती त्याला घेऊन दुसऱ्या पंगतीला गेला.

त्यानंतर फाटकात रीघ लागली. ज्यांनी ओळख नाकारली होती ते आता खुणा सांगत होते: डाव्या कानाला चीर, शेपटीत पांढरे केस. एक जण तर बैल कोंडवाड्यात नसतानाही त्याला घेऊन आला. न्यायला नव्हे, त्याला आपल्या बैलाला दरबारात जेवताना बघायचं होतं. गायींचे मालक म्हणाले, आमच्या गायीला आजवर कोणी आवतण दिलं नव्हतं. मोतीबाई आपल्या बकऱ्यांसाठी आली आणि पुरणाला मीठ कमी पडलं म्हणून विमलताईला ऐकवून गेली. प्रत्येक जनावर जेवूनच फाटकाबाहेर पडलं. संध्याकाळी पोळ्याच्या तोरणाखाली तुटक्या शिंगाचा पांढरा बैल झूल पांघरून उभा होता, आणि मारोती त्याच्याशेजारी असा ताठ, जणू झूल त्यालाच घातली आहे.

गाढवासाठी मात्र कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. ड्रायव्हरने आत बघितलं, मग कागद बघितला, मग परत आत बघितलं. गाढवाच्या गळ्यात विमलताईने घातलेली झेंडूची माळ होती, ती त्याने अर्धी खाल्ली होती.

"एवढंच?" तो म्हणाला.

घनश्याम खाली बघत गाढवाची दोरी सोडायला लागला. तेवढ्यात विमलताई पुढे झाली आणि ट्रकच्या फळीवर चक्क बसली.

"माह्या हातचं जेवला थो. पाहुना अशा गाडीत घालून धाडत नसते कोनी."

ड्रायव्हरने साहेबांना फोन लावला. एका गाढवासाठी एवढं डिझेल कशाला, यावर बरंच बोलणं झालं. शेवटी साहेबांनी सांगितलं, गाडीभर जनावरं जमली की ट्रक परत बोलवा; जनावर आत आहे तोवर कोंडवाडा बंद करता येत नाही, रखवालदार तिथेच राहील. घनश्यामने ड्रायव्हरला विचारलं, जेवला का? तो जेवला नव्हता. कालच्या पोळ्या तुपात परतून निघाल्या. ड्रायव्हर दरबाराच्या पडद्यापुढे मांडी घालून पोटभर जेवला आणि रिकामा ट्रक घेऊन गेला.

ट्रक अजून परत आलेला नाही, कारण गाडीभर जनावरं जमत नाहीत. रोज दिवे लागायच्या वेळी घनश्याम आलेल्या पाहुण्याचं दावं धरून त्याच्या मालकाच्या दारात जातो. मालक नाही म्हणाला, की तो शांतपणे सांगतो, "ठीक हाय. मंग उद्या आमच्या घरी जेवन." आणि मालक दावं हातात घेतो.