महिपतची गाठ

मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. गुणवंती जयगडजवळच्या आमच्या मच्छीमार वाडीतली, माझी शेजारीण. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं, तेव्हापासून ती रोज पहाटे किनाऱ्याने फिरते आणि वाहून आलेले जाळ्यांचे तुकडे गोळा करते. तिचा नवरा महिपत अशाच एका जाळ्यापायी गेला. ते होडीच्या पंख्यात अडकलं, कापायला तो पाण्यात उतरला आणि वर आलाच नाही.

"काकी, समुद्र झाडून संपायचा कधी?" पोरं चिडवतात.

"तोवर माझी साखर तरी उतरेल रे!"

मागच्या महिन्यात तिचा मुलगा भावेश फाटकं जाळं समुद्रात टाकायला होडीत भरत होता. तिने अडवलं.

"आई, सगळेच टाकतात. बाबापण टाकायचा."

गुणवंतीने त्या पहाटे सापडलेला तुकडा त्याच्या हातात दिला. आमच्याकडे जाळं सांधताना प्रत्येकाची गाठ वेगळी पडते. ही महिपतची होती. इतकी वर्षं पाण्यात राहूनही सुटली नव्हती. भावेशने ती बोटांनी चाचपली आणि जाळं होडीतून परत खाली उतरवलं.

आता तो फाटकी जाळी घरी आणतो. गुणवंती तरी पहाटे निघतेच. महिपतने टाकलेलं अजून किती पाण्याखाली फिरतंय, कुणालाच ठाऊक नाही, आणि भावेशची होडी रोज त्यावरूनच जाते.