डाव्या बाजूची जाळी

जुन्या मोटरसायकलींच्या डिझाइनचं प्रदर्शन संग्रहालयात भरलं होतं आणि त्यात आमची गाडी होती. मी एकटीच बघायला गेले. गाडी तिथं द्यायचा उद्योग लेकीचा, पण ती बंगळूरला, तिला सुट्टी मिळेना. आमच्या ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. गाडी जिन्याखाली असायची आणि रोज सकाळी फडकं मारता मारता मी तिच्याशीच बडबडायची. टेम्पोवाले तिला घेऊन गेले त्या दिवसापासून घर खायला उठलं. म्हटलं, निदान बघून तरी येऊ. चांगली इरकल नेसले आणि सात रस्ता चौकातून रिक्षा केली.

हॉलमध्ये पांढरे दिवे, गाड्या चौथऱ्यांवर, पुढं दोरी. टाकीचा आकार असा का, सायलेन्सर एवढा लांब का, सगळ्याच्या पाट्या. तीस वर्षं गाडीवर बसून यातलं काहीएक मला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होती ती ह्यांची पाठ, कॉलरची विटलेली कड, आणि खड्डा आला की नुसतं “धर” म्हणायची पद्धत.

आमची गाडी कोपऱ्यात होती. इतकी चकचकीत की नंबर वाचून खात्री करावी लागली. मग वळसा घालून डाव्या अंगाला गेले आणि डोकंच सणकलं. साडी चाकात जाऊ नये म्हणून लावलेली लोखंडी जाळी आणि तिच्या खालची पाय ठेवायची पट्टी, दोन्ही गायब. चाक उघडं पडलेलं.

ती जाळी साधी नव्हती हो. लग्नाला पंधरा दिवस झाले नव्हते, माहेरी मंद्रूपला निघालो होतो, आणि वाटेत माझा पदर चाकात गेला. पडलो नाही हे नशीब. जमलेले सगळे म्हणत होते, कापा की. हे कापेनात. भर उन्हात रस्त्यात उकिडवं बसून, चाक हळूहळू उलटं फिरवत सगळा पदर सोडवला. लोक बघायलेत म्हणून मी मेली त्यांच्यावरच चिडले होते.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याकडं गेलो. त्याच्या तयार जाळीच्या पट्टीपर्यंत माझे पाय पोचेनात, मी अशी बुटकी. ह्यांनी मला तिथंच स्टँडवरच्या गाडीवर बसवलं, खाली बसले आणि चार माणसांदेखत माझी पावलं तळहातांवर धरली. “पट्टी हितं पायजे,” म्हणाले. “हिचे पाय लोंबायला नकोत.”

नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावला! सासूबाईंच्या कानावर गेलं तेव्हा आठ दिवस माझ्याशी अबोला. गुन्हा त्यांच्या लेकाचा, शिक्षा मला.

प्रदर्शन मांडणारे गृहस्थ चाळिशीतले, बोलायला लई नम्र. जाळी कुठंय विचारलं, तर नंतर बसवलेलं सगळं काढून मूळ डिझाइन दाखवलंय, असं त्यांनी समजावून सांगितलं. वर म्हणाले, “मॅडम, गाडी कंपनीतून आली तेव्हा ही जाळी नव्हती.”

“कंपनीतून आली तेव्हा मी पण नव्हते,” मी म्हणाले.

मी विचारलं, भंगारात तर नाही ना दिली? त्यांना नक्की सांगता येईना. त्यांनी खुर्ची दिली आणि ते मागच्या खोलीत शोधायला गेले. मी गाडीकडं बघत बसले. ह्यांनी धरून धरून गुळगुळीत केलेल्या मुठी तशाच होत्या. मी तिच्यावर कधी बसले होते याची एक खूण नव्हती. रडू आलं, येऊ दिलं. ओळखीचं कोण होतं तिथं बघायला?

बऱ्याच वेळानं ते पोत्यात गुंडाळलेली जाळी घेऊन आले. ती गाडीशेजारी ठेवू, वेगळी पाटी लावू, म्हणाले. मी नको म्हटलं. गाडी राहू दे तुमच्याकडं, ही माझी मी नेते.

रिक्षात ती मांडीवर घेतली, इरकलीला काळं लागलं, लागू दे. वाटेत लेकीचा फोन आला. कसं होतं विचारलं, मी म्हटलं, लई छान मांडलंय. जाळीचं बोलले नाही. बोलले असते तर ती त्या माणसाला फोन करून भांडली असती, माझ्यावरच गेलीय.

घरी आल्यावर जाळी पुसली, पलंगाला टेकवून उभी केली आणि काठावर तिरकी बसले. पाय पट्टीवर बरोब्बर टेकले. उजवा हात सवयीनं पुढं गेला, खांदा धरायला. हात तसाच धरून मी बसले होते. दुखायला लागला तेव्हा खाली घेतला.