बायकोला बाहेर बसवू नका

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या आमच्या मानसोपचार क्लिनिकचा शिरस्ता असा, की पेशंटला एकट्यालाच आत घ्यायचं. म्हणून चिलीहून आलेल्या त्या काकांच्या बायकोला पहिल्याच दिवशी मी गोड बोलून बाहेर बसवलं. काका इथल्याच पोलाद कारखान्यातून रिटायर झालेले. डिप्रेशनने अंथरूण धरलेलं, जेवणखाण जेमतेम. आधीच्या दोन्ही डॉक्टरांची औषधं त्यांनी मध्येच सोडली होती. याही वेळी सोडली, तर त्यांना हॉस्पिटलात ठेवावं लागणार, हे त्यांच्या बायकोला आणि मला दोघींनाही दिसत होतं.

आत काका गालिच्याकडे बघत बसले. झोप? ठीक. भूक? ठीक. गोळ्या? ठीक. पुढच्या वेळी ते आलेच नाहीत. बाईंचा फोन आला.

"तो म्हणतो, बायकोला घराबाहेर काढणाऱ्या डॉक्टरकडे मी जाणार नाही."

"अहो, घराबाहेर नाही, खोलीबाहेर!"

"त्याला दोन्ही सारखंच."

मी आधी चिडले, मग मला हसू आलं. पुण्यात माझे बाबा तरी काय करायचे? डॉक्टरांनी 'कसं वाटतंय?' विचारलं की आईकडे बघायचे. बाबांना कसं वाटतं, हे खातं आमच्याकडे आईकडेच होतं.

मग मी दोघांनाही आत बोलावलं. रिसेप्शनवरची मुलगी "नो वरीज" म्हणत जादा खुर्ची आणायला गेली आणि परतली तेव्हा तिच्यामागून बाईंची बहीणही आत आली. बाईंनी ताबा घेतला. हा बोलत नाही, उठत नाही, आंघोळ करत नाही. काका गालिच्याकडेच.

"आणि काल सूप केलं, तर म्हणे खारट झालंय."

"खोटं," काकांनी मान वर केली. "मी अळणी म्हणालो होतो."

हे त्यांचं माझ्यासमोरचं पहिलं अख्खं वाक्य. बाई उसळल्या, बहीण त्यांच्या बाजूने उतरली, काका दोघींना पुरून उरले. त्या भांडणातच मला कळलं, की जरा बरं वाटलं की काका गोळी बंद करतात.

तेव्हापासून ते नेमाने येऊ लागले. बाई काहीतरी चुकीचं सांगायच्या, काका तावातावाने दुरुस्त करायचे आणि मी मुकाट्याने टिपून घ्यायचे. बाई मुद्दाम चुकतात की काय, अशी मला दाट शंका होती. विचारायची माझी काही छाती झाली नाही. गोळ्या मात्र चालू राहिल्या.

एका सकाळी काका एकटेच आले. बाई तापाने पडल्या होत्या. त्यांच्याशिवाय हे येतील, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. काका बसले, शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून त्यांनी घसा खाकरला.

"ती नाहीये. तेव्हा माझ्याबद्दल आज काहीतरी खोटं तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "बरं. तुम्हाला आता इथे यायची काही गरज उरलेली नाही."

"खोटं!" काका म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बोलायला लागले.